काठीचा हिशेब

दिवाळीच्या फराळाला राजकारण बसवू नये, असा आमच्या मामींचा दंडक आहे आणि तो मोडण्याचा पहिला मान दर वर्षी त्यांचाच असतो. या खेपेस शिरूर कासारला मामांच्या ओसरीवर करंज्यांचे ताट मध्ये घेऊन आम्ही बसलो होतो. बीडला वकिली करणारा मामेभाऊ सहज म्हणाला, की पोलिसांनी विनाकारण मारले तर न्यायालय आंदोलकाला सरकारकडून भरपाई देववू शकते.

मामी तात्काळ म्हणाल्या, "म्हणजे मोर्चाला जायचं, मार खायचा आन् पैसे घेऊन घरी यायचं! आन् ते पैसे कुणाचे? आपलेच ना?"

हा विषय इथे पुस्तकी नाही. मनोज जरांगे पाटलांचे मूळ गाव मातोरी याच तालुक्यातले. जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीला 1 सप्टेंबर 2023 रोजी त्यांच्या उपोषणस्थळी लाठीमार झाला. जखमींत आंदोलक होते तसे पोलीसही होते. पुढे गृहमंत्र्यांनी क्षमा मागितली. त्याच वर्षी 30 ऑक्टोबरला बीड जिल्ह्यात आमदारांची घरे जळाली. म्हणजे काठीही पाहिली आणि आगही पाहिली, असा हा मुलूख. मामींचा प्रश्न म्हणूनच हसण्यावारी नेता येईना.

मामेभावाने जुनी हकीकत काढली. एका व्यापाऱ्याचे सोने मीरतच्या पोलिसांनी ताब्यात घेतले आणि तिथल्या एका हवालदाराने ते पळवले. 1964 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की पोलिसांचे काम हे राज्यसत्तेचे काम, सरकार त्याची भरपाई देणे लागत नाही! सोन्याची ही गत, तिथे हाडांना कोण विचारतो? ही दृष्टी पालटायला वेळ लागला. 1983 साली निर्दोष सुटूनही चौदा वर्षे तुरुंगात राहिलेल्या रुदुल साह यांना न्यायालयाने 35,000 रुपये देवविले. 1986 मध्ये बिहारात अरवल येथे गरिबांच्या सभेवर पोलिसांनी गोळीबार केला; तेव्हा मृतांच्या घरच्यांना 20,000 आणि जखमींना 5,000 रुपये द्या, असा हुकूम झाला.

"आणि समजा, आंदोलकांचंही चुकलं असलं तर?" मी विचारले.

त्याचेही उत्तर न्यायालयाने दिलेले आहे. दिल्लीच्या रामलीला मैदानात जून 2011 मध्ये मध्यरात्री झोपलेल्या लोकांवर पोलीस धावून गेले. 2012 च्या निकालात मृत बाईंच्या कुटुंबाला 5 लाख, गंभीर जखमींना 50,000 आणि इतर जखमींना 25,000 रुपये ठरले. मात्र त्यातला चौथा हिस्सा आंदोलन भरवणाऱ्या ट्रस्टने सोसावा, असेही न्यायालय म्हणाले. लाठ्या चालवणाऱ्या पोलिसांवर आणि विटा फेकणाऱ्या आंदोलकांवर, दोहोंवरही कारवाई करण्यास सांगितले. आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने तर 2003 सालच्या बंदबद्दल दोन पक्षांना प्रत्येकी 20 लाखांचा भुर्दंड बसवला होता. तराजूला दोन पारडी आहेत, हे मामींनीही कबूल केले.

"पण पैसे आपलेच," हा हेका त्यांनी सोडला नाही. तो रास्तही आहे. चूक एकाची आणि भरणा साऱ्या गावाचा. 1996 च्या डी. के. बसू खटल्यात, अशी रक्कम दोषी माणसाकडून वसूल करण्याचा हक्क सरकारला आहे, असे न्यायालयाने सांगून ठेवले आहे. तो हक्क बजावण्याची हौस सरकारला असती, तर मामींना प्रश्नच पडता ना.

इतका वेळ मामा गप्प होते. त्यांचे उजवे मनगट वाकडे आहे. पन्नासएक वर्षांपूर्वी कॉलेजात असताना कुठल्याशा मोर्चात ते मोडले. पुढे ते मास्तर झाले. फळ्यावरच्या त्यांच्या ओळी नेहमी वर चढत जात आणि पोरे हसत. मोर्चा कुठला, काठी कुणाची, हे त्यांनी कधी सांगितले नाही.

"तुम्हाला किती मिळायला हवे होते, मामा?" मी विचारले.

"रुपये? ते कुणी दिले असते तर फीच भरली असती," ते म्हणाले. "पण घरी आलो तर बाप म्हणाला, तूच काहीतरी केलं असशील. मरेस्तोवर त्यांना तसंच वाटत होतं. पोराचं चुकलं नव्हतं, एवढं कुणी सरकारी कागदावर लिहून दिलं असतं, तर मी तो त्यांना वाचून दाखवला असता."

वाचकहो, मला भरपाई न्याय्य वाटते ती एवढ्यासाठीच. मंत्री सांत्वनाला येऊन जाहीर करतो ती मदत. तिने आसवे पुसली जातात, पण चूक कुणाची ते कळत नाही. न्यायालय मात्र आधी साक्षीपुरावे पाहते, कुणाचे किती चुकले ते लिहिते आणि मगच आकडा घालते. त्या आकड्याच्या वर जे लिहिलेले असते, ते घरात वाचून दाखवता येते.

मामी काही बोलल्या नाहीत. त्यांनी मामांच्या पुढ्यात एक करंजी सरकवली आणि डाव्या हाताला पडेल अशी ताटली फिरवून ठेवली.