पंधरा तास फक्त!

सोमवारची पहाट. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमधली ती प्लॅस्टिकची खुर्ची, हातात मशीनचा चहा आणि मोबाइलवर एक सर्च... मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को अंतर किती? उत्तर आलं, साधारण १३,५०० किलोमीटर. विमान ताशी नऊशेने उडतं, म्हणजे पंधरा तास. बस्स? गणपतीत सावंतवाडीला जाताना हायवेवर जवळपास तेवढेच जातात, यार!

झालं होतं असं, की रविवारी आई डोंबिवलीच्या घरात पडली. खुब्याचं हाड मोडलं. शेजारच्या काकूंनी तिला हॉस्पिटलात नेलं आणि मग मला फोन केला. ऑपरेशन बुधवारी अकराला. ताई तिकडे सॅन होजेला. मी तिला फोन लावून म्हटलं, "ये ना, पंधरा तासांचा तर प्रश्न आहे!"

ती हसली नाही. सरळ हिशेबच मांडला. घर ते एअरपोर्ट एक तास. चेक-इनला तीन तास आधी. दुबईपर्यंत सोळा. तिथे चार तास थांबा. पुढे मुंबई तीन. मग इमिग्रेशन, बॅगा, डोंबिवली. झाले की तीस! वर घड्याळ साडेबारा तास मागे. "इथून सोमवारी दुपारी निघाले, तरी तिकडे बुधवार उजाडेल रे."

थोडक्यात, स्क्रीनवरचे किलोमीटर हे काही खरं अंतर नव्हे. याचा उलटा नमुनाही आहे बरं का. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. रस्ता सुमारे १,४०० किलोमीटरने वाढून १५,३०० वर गेला, पण वेळ? साडेचौदा तास, म्हणजे आधीपेक्षा दोनेक तास कमी! कारण दहा-एक किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारा वाहतो, जेट स्ट्रीम. पूर्वेकडे निघालं की तोच विमानाला मागून ढकलतो. लांबच्या रस्त्याने माणूस लवकर पोचतो, ते असं.

बुधवारी सकाळी सात वाजता ताई बॅगेसकट थेट वॉर्डात. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले. आईने तिचा हात धरला आणि विचारलं, "किती तास लागले गं?"

"तीस."

आई जरा वेळ गप्प राहिली. मग माझ्याकडे बघून, अगदी न रागावता म्हणाली, "आणि याला अंधेरीहून यायला दोन महिने लागले."

अंधेरी-डोंबिवली. लोकलने, दादरला गाडी बदलून, दीड तास. दर वीकएंडला मी म्हणायचो, 'नेक्स्ट वीक नक्की.' इथे ना समोरून वारा, ना इमिग्रेशनची रांग... बॉस, काय उत्तर देणार?

तुमचं डोंबिवली कुठे आहे? या शनिवारी जाऊन या. किलोमीटर नंतर मोजू.