फरशी कुणी पुसली?

स्मृतिभ्रंशावरचे चित्रपट आपल्यासारख्या, भाषेवर पोट असणाऱ्या मंडळींना विशेष भावतात. ‘स्टिल अ‍ॅलिस’ (२०१४) मी पदव्युत्तर वर्गाला दाखवला, तेव्हा नंतरची चर्चा तासभर एकाच मुद्द्याभोवती फिरली : भाषाविज्ञानाच्या प्राध्यापिकेला पन्नाशीत अल्झायमर व्हावा आणि भर व्याख्यानात तिचा शब्द हरवावा, यातला दैवदुर्विलास. त्या चर्चेत मीही उत्साहाने बोललो. भाषा, स्मृती आणि ‘स्व’ यांच्या नात्यावर बोलण्याची इतकी आयती संधी वर्गात क्वचितच मिळते.

पुढे तोच चित्रपट वहिनीबरोबर पाहण्याचा योग आला. माझा थोरला भाऊ बँकेत रोखपाल होता. चोपन्नाव्या वर्षी त्याच्या आजाराचे निदान झाले. त्याआधीची दोन वर्षे घरीदारी सगळे त्याला बेफिकीर म्हणत होते. त्यात मीही होतो. चित्रपटात एक प्रसंग आहे. समुद्रकाठच्या स्वतःच्याच घरात अ‍ॅलिसला न्हाणीघर सापडत नाही, ती एकेक दार उघडत राहते आणि अखेर तिचे कपडे ओले होतात. नवरा येऊन तिला जवळ घेतो. वहिनी म्हणाली, “अगदी असंच होतं हो, भाऊजी.” आणि थोड्या वेळाने, “फरशी कुणी पुसली, ते नाही दाखवलं.”

हे वाक्य मला चित्रपटाच्या कोणत्याही परीक्षणापेक्षा अधिक मर्मग्राही वाटते. ‘स्टिल अ‍ॅलिस’ खोटा आहे, असे मला म्हणायचे नाही. त्याचा एक दिग्दर्शक रिचर्ड ग्लॅट्झर स्वतः दुर्धर मज्जासंस्थाविकाराने ग्रस्त होता. वाचा गेलेली असताना त्याने हा चित्रपट केला आणि मार्च २०१५ मध्ये तो वारला. आजाऱ्याच्या आतून जग पाहण्याची त्याची निवड प्रामाणिकच आहे. पण त्या निवडीची किंमत कुटुंब मोजते. ते अ‍ॅलिसभोवती वावरणारी, तिच्याकडे पाहून व्यथित होणारी माणसे एवढेच उरते. मोठी मुलगी चाचणी करून घेते आणि हाच आजार आपल्याही वाट्याला येणार हे तिला कळते. खरे तर हा एका स्वतंत्र चित्रपटाचा विषय. इथे तो दोनचार संवादांत आटोपतो. नवऱ्याला दुसऱ्या शहरात नोकरी मिळते, घरात पगारी मदतनीस येते. पैशाचा प्रश्न फारसा उद्भवतच नाही.

पासष्टीच्या आत येणारा स्मृतिभ्रंश आणि म्हातारपणाचा स्मृतिभ्रंश यांत खरा फरक इथेच आहे. ‘अस्तु’मधले निवृत्त शास्त्री हत्तीमागून चालत जातात, तेव्हा त्यांची मुलगी स्वतःच्या संसारात स्थिरावलेली आहे. पन्नाशीतल्या माणसाचे मात्र कर्ज फिटायचे असते, मुलांची शिक्षणे व्हायची असतात. ब्लेसी यांचा मल्याळम ‘तन्मात्रा’ (२००५) हे ओळखतो. मोहनलाल यांनी उभा केलेला रमेशन नायर हा सचिवालयातला नोकरदार. त्याची महत्त्वाची फाईल घरच्या फ्रिजमध्ये सापडते. शब्द हरवण्याइतके हे काव्यात्म नाही, पण फाईल हरवली की नोकरीवर गदा येते आणि नोकरीबरोबर घर डळमळते. ‘यू मी और हम’ (२००८) या हिंदी चित्रपटात हाच आजार प्रेमकथेच्या सोयीसाठी आलेला आहे. त्याबद्दल अधिक न लिहिलेले बरे.

जपानी ‘मेमरीज ऑफ टुमॉरो’मध्ये (२००६) एकोणपन्नास वर्षांच्या जाहिरात-अधिकाऱ्याची बायको नोकरीसाठी घराबाहेर पडते. शेवटी नवरा तिला वाटेत भेटतो आणि अनोळखी बाईशी बोलावे तसा, अदबीने आपले नाव सांगतो. वर्षानुवर्षे केलेल्या सेवेची पोच देणारा माणूसच उरलेला नाही. त्या क्षणी मला रुग्णापेक्षा त्या बाईच्या चेहऱ्याकडे पाहावेसे वाटले.

यंदा वर्गाला ‘तन्मात्रा’ दाखवावा असे मनात आहे. वहिनीला त्याची गोष्ट सांगितली. वडिलांना स्वतःला जमली नाही ती आय.ए.एस.ची परीक्षा मुलाने द्यावी, अशी त्यांची इच्छा असते, इथवर आलो तोच तिने विचारले, “मग, झाला का पास?” तिच्या मुलाने बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला सोडली, तो आता एका औषधाच्या दुकानात हिशेब पाहतो.

“झाला,” मी म्हणालो.

“सिनेमा आहे ना,” ती म्हणाली आणि दादाला जेवण भरवायला उठली.