कोरडा पंप

भोपाळ शहरातील अरेरा कॉलोनी ही बंगल्यांची व झाडीची वसाहत होय. तेथे एखाद्या आवारात पोहण्याचा तलाव असला, तर त्याचे पाणी गाळून फिरते ठेवावयास पंप लागतो. आमच्या वाचकांच्या वाडीत तलाव नसेल, पण विहिरीवर पंप असतो. आणि दोन्ही पंप बहुधा एकाच कारणाने बिघडतात. ते कारण म्हणजे कोरडे चालणे.

पाणी हे पंपाचे केवळ ओझे नव्हे. त्याच्या फिरत्या दांड्यावरील सीलाला थंडावा व वंगण तेच देते. पाणी तुटले की सील घासून तापते, खराब होते आणि पंप गळू लागतो.

भोपाळचा उन्हाळा ४० अंशांवर जातो. तलावाचे पाणी वाफ होऊन उतरते आणि भिंतीतील ओढतोंड उघडे पडून पंप हवा ओढतो. कधी पानांनी जाळी तुंबते, कधी झाकणाचा रबरी वॉशर चिरतो, कधी झडप बंदच राहून जाते.

‘स्टार्टर आहे, तो पाहून घेईल,’ असे पुष्कळ जण म्हणतात. येथेच फसगत होते. स्टार्टरमधील ओव्हरलोड रिले वीज जास्त ओढली गेली म्हणजे मोटार थांबवतो. कोरड्या पंपाला काम कमी, म्हणून तो वीजही कमी ओढतो. राखणदाराला सारे ठीकच दिसते!

यास्तव कमी वीज ओळखून मोटार थांबविणारा ड्राय-रन रिले बसवावा. तो जाणत्या वायरमनकडून, पाणी चालू असताना मोटार किती वीज घेते हे मोजूनच लावून घ्यावा. विहिरीत पाण्याची पातळी पाहणारा फ्लोट स्विचही चालतो. रिलेने मोटार बंद केल्यास पुन्हा पुन्हा बटण दाबू नये. आधी कारण शोधावे.

उपकरणाबरोबर शिस्तही हवी. तलावाचे पाणी ओढतोंडाच्या मध्यापर्यंत असावे. जाळी साफ करताना मुख्य स्विच बंद करावा. उतरलेला पंप पाणी भरूनच सुरू करावा. विहिरीवर फूट व्हॉल्व्ह नीट बुडालेला आहे ना, हे मे महिन्यात दोरी सोडून पाहावे.

आणि घरात एक नियम असावा: ज्याने बटण दाबले, त्याने पाणी आलेले पाहिल्यावाचून तेथून हलू नये.