'लिंक नेई' म्हणू नका

कोलकात्यात राहायला आलेला मराठी माणूस आधी 'केमोन आछेन' शिकतो आणि लगेच दुसरं वाक्य शिकतो, 'लिंक नेई'. बँकेत, पोस्टात, दवाखान्याच्या नोंदणीपाशी. खिडकीमागचा माणूस मान वर न करता म्हणतो, 'लिंक नेई, काल आशुन.' लिंक नाही, उद्या या. आपल्याकडे त्यालाच 'सर्व्हर डाऊन' म्हणतात. ऐकणाऱ्याला दोन्हीकडे सारखंच काही कळत नाही. पैसे भरले गेले का? अर्ज पोचला का? इथंच थांबू, उद्या येऊ की नवा अर्ज भरू?

खिडकीवरच्या माणसावर चिडू नका. त्याच्या पडद्यावरही तेवढंच उमटलेलं असतं, कारण आमच्यासारख्या कुणीतरी आत तसं लिहून ठेवलेलं असतं. मी सॉल्ट लेकच्या सेक्टर फाइव्हमध्ये काम करतो. माझं काम डेटाबेस अॅक्सेस लायब्ररी लिहिण्याचं, म्हणजे प्रोग्रॅम आणि डेटाबेस यांच्यात ये-जा करणारा निरोप्या घडवण्याचं. प्रोग्रॅम म्हणतो, अमुक रुग्णाचा रिपोर्ट आण. निरोप्या जातो, घेऊन येतो. वाटेत काही बिनसलं तर ते कोणत्या शब्दांत सांगायचं, हे लिहिणाऱ्यानं आधीच ठरवायचं असतं. त्याला आम्ही एरर टाइप म्हणतो. माझी विनवणी हे ठरवणाऱ्यांना आहे. पण सोसायटीचं, पतपेढीचं, दवाखान्याचं सॉफ्टवेअर करून घेणाऱ्यांनीही वाचावं. पैसे तुम्ही मोजता.

आधी माझीच चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही एका पॅथॉलॉजी लॅबचं काम केलं. माझ्या लायब्ररीत रुग्ण शोधायचं फंक्शन होतं. नाव सापडलं तर यादी, नाही सापडलं तर रिकामी यादी. आणि कनेक्शन तुटलं तर? तरीही रिकामी यादीच. प्रोग्रॅम कोसळू नये म्हणून मी ती एरर पकडून गिळून टाकली होती. तेव्हा मला ते मोठं शहाणपण वाटलं होतं.

एका पावसाळी सकाळी मी नेमका त्याच काउंटरपाशी उभा होतो. बारासातहून आलेल्या एक माशीमा रिपोर्ट मागत होत्या. काउंटरवरच्या दीदीनं 'मुखर्जी' टाकलं. काही आलं नाही. मग 'मुखोपाध्याय' टाकलं, कारण बंगालात ही एकाच आडनावाची दोन रूपं. मग इंग्रजी स्पेलिंग तीन तऱ्हांनी बदलून पाहिलं. 'नाम पाओआ जाच्छे ना,' नाव सापडत नाहीये, ती म्हणाली आणि माशीमांकडे अशी पाहू लागली, जणू त्यांनीच नाव चुकीचं सांगितलं होतं. पाचेक मिनिटांनी कनेक्शन परत आलं. ते तिला कळायचं काही कारणच नव्हतं. तिनं सरळ नवी नोंदणी केली. आता माशीमांच्या नावे दोन नोंदी झाल्या, रिपोर्ट जुन्या नोंदीवर आणि पावती नवी. त्यांना दोनदा परत यावं लागलं, लोकलच्या गर्दीतून.

नाव बरोबर होतं, स्पेलिंगही बरोबर होतं. खोटं बोललं ते माझं फंक्शन. 'मी पाहिलं, तिथं काही नाही' आणि 'मला पाहताच आलं नाही' ही दोन वाक्यं त्यानं एकाच तोंडानं सांगितली. न सापडणं ही चूक नव्हेच, ते प्रश्नाचं रीतसर उत्तर आहे. विचारताच न येणं ही चूक. तुमच्या लायब्ररीत एकच दुरुस्ती करायला वेळ असेल, तर ही करा.

त्या दिवसानंतर मी पुस्तकं चाळली, पण डोळे उघडले ते इथल्याच एका जुन्या रिवाजानं. बराहनगरला बी. टी. रोडवर भारतीय सांख्यिकी संस्था आहे, प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ साली स्थापलेली. १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली तेव्हा तिचं आखणीचं काम याच संस्थेत चाले. या पाहणीच्या प्रश्नपत्रिकांत एक छोटा रकाना असतो. ठरवलेल्या घरी माहिती मिळाली नाही, तर 'मिळाली नाही' एवढं लिहून चालत नाही. का मिळाली नाही याचा आकडा भरायचा: घरचे कामात होते, घरचे बाहेरगावी होते, सहकार्य केलं नाही, किंवा इतर. चारच पर्याय. पण नीट पाहा, प्रत्येक पर्यायाबरोबर पुढचं पाऊल वेगळं पडतं. कामात असलेल्यांकडे संध्याकाळी परत जाता येतं. बाहेरगावी गेलेल्यांकडे संध्याकाळी जाऊन उपयोग नाही. नको म्हणणाऱ्याच्या दारात दहा खेपा घातल्या तर तो अकराव्या वेळी कुत्रं सोडेल. कागदावर तिन्ही ठिकाणी रकाने कोरेच राहिलेले असतात, तरी ही तीन वेगळी माणसं आहेत.

एरर टाइपचं सारं शास्त्र मला या रकान्यात दिसतं. चूक कुठं झाली यावरून प्रकार पाडू नका. नेटवर्कची चूक, ड्रायव्हरची चूक, डेटाबेसची चूक, अशी वाटणी आम्हा लिहिणाऱ्यांना सोयीची असते. वापरणाऱ्याला त्यातून काही मिळत नाही. आता काय करायचं, यावरून प्रकार पाडा.

या बाबतीत पायथॉन भाषेच्या डेटाबेस नियमावलीशी माझं भांडण आहे. तिच्यात ऑपरेशनल एरर नावाचा एक प्रकार आहे. कनेक्शन अचानक तुटलं, डेटाबेसचं नावच सापडलं नाही, मेमरी अपुरी पडली, सगळं त्याच पोत्यात. तुटलेलं कनेक्शन पुन्हा जोडून पाहता येतं. नाव चुकीचं असेल तर हजारदा जोडूनही ते चुकीचंच राहणार. जावानं २००६ साली, जेडीबीसी या आपल्या डेटाबेस-जोडणीच्या चौथ्या आवृत्तीत, जरा बरी वाटणी केली: तात्पुरत्या चुका एका घराण्यात, कायमच्या दुसऱ्यात. विचार तोच, परत जाऊन फायदा आहे की नाही.

इथं मला आपल्या साताऱ्याकडचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे आठवतात. पिकाचा उतारा काढायला शेतात किती मोठा तुकडा कापायचा, यावरून त्यांचा महालनोबिसांशी चांगलाच वाद झाला होता. सुखात्मे म्हणत, तुकडा फार लहान घेतला की कडेवरची रोपं आत धरली जातात आणि उतारा फुगतो. तुकड्यांची संख्या वाढवून अधिक-उणे होणारी चूक निवळते, पण एकाच बाजूला झुकणारी चूक तशीच राहते. रिट्रायचंही, म्हणजे पुन्हा प्रयत्न करण्याचंही, तेच आहे. 'चूक आली की तीनदा प्रयत्न कर' असं सरसकट लिहिणारे पाहिले की मला सुखात्म्यांना बोलवावंसं वाटतं.

डेटाबेस स्वतः बऱ्यापैकी नीट बोलतो, हे पुष्कळांना माहीतच नसतं. एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेच्या प्रमाणकात प्रत्येक चुकीला पाच अक्षरांचा संकेत आहे, एसक्यूएलस्टेट. पहिली दोन अक्षरं जातकुळी सांगतात: ०८ म्हणजे कनेक्शन, २३ म्हणजे नियमभंग, ४० म्हणजे व्यवहार मागे घेतला. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये २३५०५ आला की समजावं, एकमेव असायला हवी ती नोंद दुसऱ्यांदा घातली जात आहे. आम्ही मात्र बराच काळ संदेशाच्या मजकुरात 'डुप्लिकेट की' हे शब्द शोधत बसायचो. मायएसक्यूएलवर गेलो, तिथं शब्द वेगळे. एका सर्व्हरवर संदेशांची भाषाच बदललेली होती, तिथंही फसलो. मजकूर माणसासाठी असतो, संकेत प्रोग्रॅमसाठी. तो संकेत आणि कोणता नियम मोडला त्याचं नाव, दोन्ही एररमध्ये वेगवेगळ्या खणांत ठेवा. मग काउंटरवर 'हा फोन नंबर आधीच नोंदवलेला आहे' असं माणसासारखं वाक्य दाखवता येतं.

४०००१ आला तर वेगळी गोष्ट. दोन व्यवहार एकमेकांच्या आड आले आणि डेटाबेसनं एकाला मागे घेतलं. उत्तर कोलकात्यातल्या गल्लीत दोन हातरिक्षा समोरासमोर आल्या की एकीला मागे सरावंच लागतं, तसं. यात कुणाचं काही चुकलेलं नाही, पुन्हा करायचं. पण शेवटचं वाक्य नव्हे, सगळा व्यवहार पहिल्यापासून. मधूनच सुरू केलात तर पोस्टग्रेस सांगतो की हा व्यवहार कधीच रद्द झाला आहे, आणि नवा माणूस त्या दुसऱ्याच चुकीचा दिवसभर माग काढत बसतो. म्हणून एरर टाइपनं नुसतं 'पुन्हा करा' सांगून भागत नाही. कुठून पुन्हा, तेही सांगायला हवं.

आता सगळ्यात अवघड जागा. तुम्ही डेटाबेसला कमिट पाठवलं, म्हणजे 'हे पक्कं कर' म्हणालात, आणि उत्तर यायच्या आत लाइन गेली. व्यवहार झाला की नाही? तुम्हाला माहीत नाही आणि त्या क्षणी कळायला मार्गही नाही. बहुतेक लायब्ऱ्या इथं 'कनेक्शन तुटलं' म्हणून मोकळ्या होतात. वापरणारा समजतो, झालं नाही. पुन्हा करतो, आणि पैसे दोनदा जातात. एसक्यूएलच्या प्रमाणकात या अवस्थेला स्वतंत्र संकेत आहे, ०८००७, व्यवहाराचा निकाल अज्ञात. तुमच्याकडेही झालं आणि नाही झालं यांच्या जोडीला 'माहीत नाही' हा तिसरा प्रकार वेगळ्या नावानं हवाच. एटीएमनं खात्यातून पैसे वळते केले पण नोटा दिल्या नाहीत, हा अनुभव कुणाला नाही? रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०१९ मध्ये अशा व्यवहारांना मुदत घालून दिली. एटीएमचे पैसे पाच दिवसांत आपोआप खात्यात परत, उशीर झाल्यास दर दिवसाला १०० रुपये भरपाई. मुदत द्यावी लागली, कारण नेमकं काय झालं ते दोन्ही बाजूंचे हिशेब ताडून पाहिल्यावरच ठरतं. तुमच्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक मागणीला आधीच एक स्वतःचा क्रमांक द्या आणि तो नोंदीबरोबरच डेटाबेसात ठेवा, तो एकमेवच असावा या नियमासह. 'माहीत नाही' आलं की आधी तो क्रमांक शोधा. सापडला तर काम झालेलं आहे. नाही सापडला तर त्याच क्रमांकानं पुन्हा पाठवा. पहिलं काम मागून हळूच पूर्ण झालं, तरी डेटाबेस तो क्रमांक दुसऱ्यांदा घालू देणार नाही.

'इतर' हा रकाना लागतोच, त्याची लाज नको. उद्या डेटाबेसची नवी आवृत्ती येईल, नवे संकेत येतील. मात्र 'इतर'मध्ये काय काय पडतंय ते महिन्यातून एकदा उपसून पाहा. आमच्याकडे एकदा निम्म्याहून जास्त चुका तिथंच साचल्या होत्या, आणि जवळजवळ सगळ्या एकाच जातीच्या.

अजून एक, थोडक्यात. मूळ कारण एररच्या पोटात जपून ठेवा, पण ते काउंटरच्या पडद्यावर ओतू नका. पोस्टग्रेस दुहेरी नोंदीच्या तपशिलात ती किंमतच छापतो, म्हणजे कुणाचा तरी फोन नंबर. कनेक्शनच्या मजकुरात पासवर्ड असू शकतो. लॉगमध्ये लिहिण्याआधी हे गाळा.

आणि करून घेणाऱ्यांनो, काम ताब्यात घेताना सुंदर पडदे पाहून सह्या करू नका. नोंद भरायला सांगा आणि 'सेव्ह' दाबल्या दाबल्या नेटवर्कची वायर उपटा. मग पडद्यावर काय येतं ते मोठ्यानं वाचा. त्या लॅबमध्ये आम्ही शेवटी तेच केलं. दीदीनं वायर काढली, पडदा वाचला: 'नोंद झाली की नाही ते तपासत आहोत, नवी नोंद करू नका.' तिनं ते बंगालीत दोनदा म्हणून पाहिलं, मग विचारलं, 'दादा, हे तेव्हा का नव्हतं?'