जमाखर्चाबाहेरची खाडी

नफ्याच्या हेतूने सातत्याने केलेली वस्तूंची वा सेवांची देवघेव म्हणजे व्यवसाय, असे वाणिज्याच्या पहिल्या धड्यात शिकवतात. मोरा बंदरावर मासळीचा सौदा पाहताना ही व्याख्या पुरेशी वाटते. देणारा आणि घेणारा समोरासमोर असतात; घासाघीस होते, व्यवहार मिटतो. नफा ही मला लाजिरवाणी गोष्ट वाटत नाही.

परंतु त्याच उरण तालुक्यात १९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झाले आणि देवघेवीत तिसरा माणूस आला: ज्याला काही विकायचेच नव्हते असा. शेतकऱ्याजवळ निदान सातबारा होता. त्याच्या बळावर दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढा झाला, जानेवारी १९८४ मध्ये पाच जण गोळीबारात गेले, आणि पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व मान्य झाले. (पाच जीव गेल्यावर, हे विसरू नये.) खाडीला मात्र सातबारा नसतो. भरावाने भरतीचे पाणी अडले, तिवरे गेली, मासळी आटली. कोळ्याचे हे नुकसान कोणाच्याच वहीत खर्ची पडले नाही.

२०१५ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने १,६३० मच्छीमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये देण्याचा आदेश बंदर प्रशासन, ओएनजीसी व सिडकोला दिला. भागाकार केला तर कुटुंबामागे सहा लाखांहूनही कमी. धंद्याच्या खर्चाची ही बाब कागदावर यायला बंदर सुरू झाल्यापासून सव्वीस वर्षे लागली.