टारफुला फुलण्यापूर्वींच उपटा

जोंधळ्यांतील टारफुला हिरवा दिसतो म्हणून पुष्कळ शेतकरी बंधु त्यास साधें तण समजतात. ही समजूत घातक आहे. त्याचें मूळ जोंधळ्याच्या मुळांत शिरून पाणी व अन्न शोषितें. जमिनीवर दिसण्यापूर्वींच नुकसान सुरू झालेलें असतें. एका झाडास धुळीसारखें बीं हजारोंनीं येतें व तें १० वर्षांहूनहि अधिक काळ जिवंत राहतें. जोंधळ्याच्या मुळांचा रस लागतांच तें रुजतें. कापसाच्या मुळांच्या रसानेंहि रुजतें, पण तेथें आधार न मिळून मरतें. रुजविणारें हें द्रव्य १९६६ सालीं कापसाच्याच मुळांच्या रसांतून वेगळें काढण्यांत आलें. म्हणून कापसाचा फेरपालट ठेवावा व टारफुला फुलण्यापूर्वीं उपटावा. मात्र एकट्यानें उपटून भागणार नाहीं. बीं वाऱ्यापाण्यानें बांध ओलांडतें; तेव्हां शेजाऱ्याच्या रानांतील टारफुला आपलाच मानून सर्व गांवानें एकदम हात घालावा, असें आमचें स्पष्ट मत आहे.