'टर्बो गेला' : एका क्रियापदाची चौकशी

मराठीत 'जाणे' या क्रियापदाचा पसारा मोठा आहे. वीज जाते, तोल जातो, अब्रू जाते, माणूस जातो. आणि गॅरेजमध्ये गाडीचा टर्बोही जातो. 'टर्बो गेला' या निदानामागोमाग 'नवा टाकावा लागेल' हे वाक्य येते आणि मालकाच्या पोटात गोळा उठतो. या दोहोंच्या मधले 'का गेला?' हे वाक्य मात्र बहुधा उच्चारलेच जात नाही. व्याकरणदृष्ट्या येथे कर्ता टर्बोच आहे. जणू तो आपण होऊन गेला. माझा आक्षेप या समजुतीला आहे. टर्बो क्वचितच स्वतःहून जातो; बहुतेक वेळा त्याला कोणीतरी घालवलेले असते.

स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी यांनी १९०५ साली ज्या कल्पनेचे पेटंट नोंदवले, ती तशी सरळ आहे. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूने एक चक्र फिरवायचे आणि त्याच दांड्यावरील दुसऱ्या चक्राने हवा दाबून इंजिनात भरायची. आजच्या मोटारींत हा दांडा मिनिटाला १ लाखाहून अधिक फेरे घेतो. तो तरतो ऑइलच्या पातळ थरावर. म्हणजे टर्बोचे आयुष्य त्याच्या धातूइतकेच इंजिनाच्या ऑइलवर अवलंबून असते.

ऑइल वेळेवर बदलले नाही तर गाळ साचून टर्बोकडे जाणारी बारीक नळी तुंबते आणि बेअरिंग कोरडे पडते. घाट चढून आल्याबरोबर तापलेले इंजिन बंद केले, तर टर्बोत राहिलेले ऑइल करपून त्याची काजळी होते. फाटक्या एअर फिल्टरमधून शिरलेली धूळ पाती झिजवते. ऑइल परत नेणारी नळी अडली, तर ते सीलमधून गळून निळा धूर दिसू लागतो. शिवाय चढावर गाडी ओढत नाही म्हणून टर्बो बदलावा आणि दोष निघावा हवेच्या चिरलेल्या पाइपचा, असेही घडू शकते. धूर, शिट्टी, मंदावलेला जोर ही सारी लक्षणे होत. त्यांना कारण समजणे ही निदानाची चूक आहे.

म्हणून टर्बो बदलणे म्हणजे केवळ जुना काढून नवा बसवणे नव्हे. ऑइल आणि त्याचा फिल्टर बदलायचा, ऑइलची नळी नवी घालायची किंवा निदान पूर्ण मोकळी करायची, इंटरकूलरमध्ये साचलेले ऑइल आणि तुटलेल्या पात्यांचे कण काढायचे, नव्या टर्बोत आधी ऑइल भरायचे आणि पहिली काही मिनिटे इंजिन रेस न करता चालू ठेवायचे. यातले काही गाळले, तर नवा टर्बोही जुन्याच वाटेने जातो. कधी कधी पहिल्या काही किलोमीटरांतच.

दोष केवळ मेकॅनिकचा आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. सुट्या भागाची किंमत आणि बसवण्याची मजुरी बिलात येते. कारण शोधण्यात घालवलेल्या दोन तासांना बहुधा रकानाच नसतो. ग्राहकाला गाडी संध्याकाळी हवी असते आणि त्या दोन तासांचे पैसे देणे त्याच्या जिवावर येते. अशा व्यवहारात जो भाग बदलतो तो कमावतो आणि जो विचार करतो तो तोट्यात जातो. परिणामी कानाने आणि बोटांनी दोष ओळखणाऱ्या कारागिराचे ज्ञान कवडीमोल ठरते.

साहित्याच्या वर्गात आपण विद्यार्थ्यांना वाक्यातला दडलेला कर्ता शोधायला शिकवतो. तीच सवय गॅरेजच्या दारात उपयोगी पडावी. 'टर्बो गेला' असे ऐकल्यावर 'कितीला पडेल?' या प्रश्नाआधी 'कशाने गेला?' असे विचारावे, जुना टर्बो उघडून दाखवायला सांगावे आणि त्या उत्तराची मजुरी बिनतक्रार द्यावी.